पासवर्डच्या मागचं चित्र

आजोळच्या घराचा एक फोटो माझ्याकडे आहे. खळ्यात उभं राहून काढलेला. समोर सारवलेली जमीन, चार पायऱ्या, पडवी, पडवीमागे ओटी आणि अगदी आत, अंधारात, माजघराच्या दाराची चौकट. घर आता राहिलेलं नाही. गणपतीच्या सुट्टीत मनात आलं, हा फोटो लॅपटॉपच्या लॉगिन स्क्रीनवर लावावा. डेस्कटॉपवर तो होताच, पण डेस्कटॉपवरचं चित्र काम सुरू झालं की उघडलेल्या फायलींखाली गाडलं जातं. लॉगिनच्या पडद्यावर मात्र पासवर्ड टाकेपर्यंतचे चार-पाच सेकंद ते मोकळं दिसतं.

लॅपटॉपवर लिनक्स आहे. सेटिंगमध्ये फोटो निवडला, जतन केला, मशीन बंद करून चालू केलं. मध्ये पासवर्डची चौकट आणि मागे नुसता काळोख. पुन्हा निवडला, पुन्हा काळोख. फोटो जड असेल म्हणून लहान केला, जेपीजीचा पीएनजी केला, फायलीच्या नावातली मराठी अक्षरं काढून इंग्रजी घातली. यातल्या कशाचाही दोषाशी संबंध नव्हता, हे कळायला अख्खी संध्याकाळ गेली. खरं कारण त्या फोटोतच दिसत होतं.

कोकणातल्या घरात परका माणूस ओटीपर्यंत येतो. तिथे त्याला पाणी मिळतं, गूळ मिळतो, बसायला मिळतं. माजघरात त्याला कोणी बोलावत नाही. माजघरातल्या भिंतीवर कितीही सुंदर तसबीर टांगा, ओटीवर बसलेल्याला ती दिसणार नाही. मी माझा फोटो माजघरात टांगला होता आणि तो ओटीवर दिसावा अशी अपेक्षा धरून बसलो होतो.

कॉम्प्युटर चालू केल्यावर नाव आणि पासवर्ड विचारणारा पडदा आपण सहज 'माझा' म्हणतो. पण तो दिसत असतो तेव्हा मशीनच्या लेखी आपण अजून आलेलोच नसतो. आपली सेटिंग्ज, आपला वॉलपेपर, आपले फोटो हे सगळं आपल्या खात्याला चिकटलेलं असतं आणि ते खातं पासवर्ड जुळल्यानंतरच उघडतं. म्हणजे हा पडदा कुणा दुसऱ्यानेच मांडलेला असतो. लिनक्समध्ये या दुसऱ्याला चक्क स्वतःचं खातं असतं. लाइटडीएम नावाची व्यवस्था बसवलेली असेल तर मशीनवर 'लाइटडीएम' नावाचा एक वापरकर्ता असतो, जीडीएम असेल तर 'जीडीएम' नावाचा, एसडीडीएम असेल तर 'एसडीडीएम' नावाचा. हा कधी पत्र लिहीत नाही, गाणी ऐकत नाही. आपल्याला नाव विचारायचं, पासवर्ड घ्यायचा, आत कळवायचं आणि दार उघडलं की बाजूला व्हायचं, एवढंच त्याचं काम.

लाइटडीएममध्ये हे काम दोघांत वाटलेलं आहे. एक मुख्य प्रोग्रॅम असतो, त्याच्याकडे मशीनचे सगळे अधिकार असतात. पण तो आपल्यासमोर येत नाही. आपल्यासमोर चित्र, घड्याळ आणि चौकट मांडतो तो दुसरा, त्याला ग्रीटर म्हणतात, आणि त्याला मुद्दामच फारसे अधिकार दिलेले नसतात. आपण टाईप केलेला पासवर्ड तो मुख्य प्रोग्रॅमकडे पोचवतो. बरोबर की चूक ते आत ठरतं. बरोबर निघाला की ग्रीटर बंद होतो आणि आपलं सत्र आपल्या नावाने सुरू होतं. सगळे अधिकार असलेल्या प्रोग्रॅमने परक्यासमोर कमीत कमी यावं, हा यामागचा विचार आहे आणि तो बरोबर आहे.

आता माझ्या फोटोकडे. तो माझ्या होम फोल्डरमध्ये होता, म्हणजे माझ्या माजघरात. ग्रीटरला तिथे शिरायची परवानगी नाही. त्याला सेटिंगमधून फोटोचा पत्ता कळला होता, पण दाराशीच अडला, आणि चित्र नाही म्हणून काळा रंग लावून मोकळा झाला. तक्रारही केली नाही. केली ती फक्त लॉगच्या एका फायलीत, जी मी सर्वांत शेवटी उघडली. उपाय दोन मिनिटांचा निघाला. प्रशासकाच्या अधिकाराने फोटोची एक प्रत काढून सगळ्यांना वाचता येणाऱ्या ठिकाणी ठेवायची. लिनक्समध्ये 'यूएसआर'मधल्या 'शेअर'मध्ये 'बॅकग्राउंड्स' नावाचं फोल्डर यासाठीच असतं. तिथल्या फोटोचा पत्ता ग्रीटरला दिला आणि आजोळ दिसू लागलं.

जुनी माहिती वाचून होममधलाच फोटो लावायला जाणारे हमखास फसतात, त्यालाही कारण आहे. उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकारात पूर्वी होम फोल्डर मशीनवरच्या इतरांना उघडून पाहता येत असे. होममधला फोटोही मग ग्रीटरला दिसायचा. एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या २१.०४ या आवृत्तीपासून नवं होम फोल्डर मालकापुरतं बंद झालं. दहा वर्षांपूर्वी चालणारी युक्ती त्या दिवसापासून काळोख दाखवू लागली. फोटोच्या फायलीला कितीही परवानग्या द्या, तिच्यापर्यंत जाणाऱ्या प्रत्येक फोल्डरचं दार उघडं असावं लागतं. ओटी ते माजघर ही वाटच बंद असेल तर तसबीर कशी टांगली आहे याला अर्थ नाही.

उबुंटूनेच २०१२ सालच्या १२.०४ आवृत्तीत एक देखणी सोय केली होती. लॉगिनच्या पडद्यावर घरातल्या सगळ्यांची नावं एकाखाली एक असायची आणि ज्याच्या नावावर जाल त्याचा डेस्कटॉपचा वॉलपेपर मागे हळूच उमटायचा. आईच्या नावावर गेलं की आईचा, भावाच्या नावावर गेलं की भावाचा. वॉलपेपर कोणता याची नोंद एका मधल्या सेवेकडे ठेवलेली असे, ग्रीटर ती तिथून घेई. पण ज्यांनी आपलं होम फोल्डर कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलं होतं आणि वॉलपेपरही त्यातच ठेवला होता, त्यांचं चित्र काही उमटत नसे. कुलूप उघडायची किल्ली म्हणजे पासवर्ड, आणि तो तर अजून टाकलेलाच नाही!

लिनक्सवर जीनोम हा डेस्कटॉप वापरणाऱ्यांचे हाल वेगळेच. जीडीएमचा पडदा मुळात सपाट राखाडी असतो आणि तो रंग एका बांधलेल्या फायलीच्या आत, शेकडो चिन्हं आणि नियमांबरोबर, शिवून टाकलेला असतो. चित्र लावायचं तर ती फाइल उसवा, आतला नियम बदला, पुन्हा शिवा, जागेवर ठेवा. पुढचं अपडेट आलं की नवी फाइल येते आणि तुमचं शिवणकाम जातं. हे सगळं करून देणारी तयार अवजारं आता मिळतात, पण जीनोमवाल्यांना हे चित्र कुणी बदलावं असं फारसं वाटत नाही, हे उघड आहे. मला हा हट्ट पटत नाही. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपने तोच प्रश्न साधेपणाने सोडवला आहे: सेटिंगमध्ये चित्र निवडा, ते प्रशासकाचा पासवर्ड मागतं आणि ग्रीटरला पाहता येईल अशा जागी चित्र स्वतः नेऊन ठेवतं.

गंमत म्हणजे सुरुवातीला हे फार सोपं होतं. १९८८ साली एक्स विंडो सिस्टिमबरोबर कीथ पॅकार्ड यांनी लिहिलेला एक्सडीएम आला. करड्या ठिपक्यांच्या विणीवर मधोमध एक पांढरी चौकट, असा त्याचा पडदा. चौकट दिसण्याआधी एक छोटी स्क्रिप्ट चालायची आणि ती मजकुराची साधी फाइल होती. तिच्यात एक ओळ लिहून मागचा रंग बदला, चित्र लावा, काहीही करा. पण ती स्क्रिप्ट मशीनच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने चाले. आज हे ऐकून मशीन सांभाळणाऱ्या माणसाच्या अंगावर काटा येईल.

काटा का यावा? चित्र दाखवणं तर निरुपद्रवी काम. पण कॉम्प्युटरला चित्र 'दिसत' नाही, त्याला ते वाचावं लागतं, आणि वाचताना चूक होऊ शकते. सप्टेंबर २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अशाच एका चुकीवर दुरुस्ती काढली. जेपीजी फायलीत शेरा लिहायला एक जागा असते. त्या जागेच्या सुरुवातीला दोन बाइट्समध्ये तिची लांबी लिहिलेली असते, आणि लांबी मोजताना हे दोन बाइट्सही धरायचे असा नियम आहे. त्यामुळे ती दोनपेक्षा कमी असूच शकत नाही. एखाद्या लबाडाने तिथे शून्य किंवा एक लिहिलं तर? विंडोजचा प्रोग्रॅम त्यातून इमानाने दोन वजा करायचा, उत्तर उणे यायचं, आणि उणे माहीत नसलेल्या हिशेबात त्याची प्रचंड मोठी संख्या व्हायची. मग तेवढा मजकूर मेमरीत ओतला जायचा आणि त्या लोंढ्यातून लबाडाच्या आज्ञा मशीनमध्ये शिरायच्या. चित्र नुसतं उघडलं की काम तमाम.

विंडोजमध्ये लॉगिनचा पडदा मांडणारा प्रोग्रॅम 'सिस्टिम' या सर्वोच्च खात्याच्या नावाने चालतो. अशा प्रोग्रॅमला कुणीही दिलेलं कुठलंही चित्र वाचायला लावणं म्हणजे काय, हे वरच्या उदाहरणावरून लक्षात येईल.

दुसरी भीती खोट्या पडद्याची. टर्मिनलच्या जमान्यात विद्यापीठांतले खोडकर विद्यार्थी हुबेहूब लॉगिनसारखी ओळ दाखवणारा प्रोग्रॅम चालू ठेवून निघून जात. पुढचा माणूस येऊन नाव-पासवर्ड टाकी, प्रोग्रॅम ते लिहून घेई, 'चुकीचा पासवर्ड' म्हणे आणि स्वतः बंद होई. आता समोर खरी ओळ येई. माणसाला वाटे, आपलंच बोट चुकलं. यावर विंडोज एनटीने १९९३ मध्ये उपाय योजला तो कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळांचा. या कळांची हाक थेट विंडोजच्या गाभ्याकडे जाते, मध्ये कुठल्याही साध्या प्रोग्रॅमला ती अडवता येत नाही, त्यामुळे त्यानंतर येणारा पडदा खराच असतो. मूळ जोडणी आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली यांची, तीही मशीन पुन्हा चालू करण्यासाठी केलेली. ती एकाच हाताने चुकून दाबली जाऊ नये म्हणून कळा लांब लांब निवडल्या होत्या. बिल गेट्स यांनी २०१३ मध्ये हार्वर्डमध्ये बोलताना ही तीन बोटांची कसरत चूक होती असं कबूल केलं. त्यांना एकच बटण हवं होतं.

आणि कधी कधी लबाडाचीही गरज नसते. १९६०च्या दशकात एमआयटीत सीटीएसएस नावाची व्यवस्था होती, अनेकांनी एकाच मशीनवर पासवर्ड टाकून काम करण्याची सुरुवात जिथे झाली त्यांपैकी एक. तिथे लॉगिन करणाऱ्याला त्या दिवसाचा एक निरोप दिसायचा. एके दिवशी एक जण निरोपाची फाइल सुधारत होता आणि दुसरा पासवर्डांची. संपादनाचा प्रोग्रॅम दोघांसाठी एकाच नावाची तात्पुरती फाइल वापरत होता. फायलींची अदलाबदल झाली आणि त्यानंतर लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला स्वागताला सगळ्यांचे पासवर्ड छापून मिळाले. सीटीएसएसचे प्रमुख फर्नांडो कॉर्बातो यांनीच हा किस्सा पुढे आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात सांगितला. ओटीवर काय मांडायचं आणि आत काय ठेवायचं याची गल्लत इतकी महागात दुसऱ्या कुणाला पडली नसावी.

विंडोजच्या वापरकर्त्यांनी मात्र या भीतीला कधी भीक घातली नाही. एक्सपीच्या काळात लॉगिनचं चित्र प्रोग्रॅमच्या पोटातच असायचं. उत्साही पोरं तो प्रोग्रॅम उघडून आतलं चित्र बदलत, पुन्हा बंद करत. नीट जमलं नाही तर लॉगिनचा पडदाच येत नसे आणि मग सेफ मोडमध्ये जाऊन निस्तरत बसावं लागे. २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ मध्ये एक चोरदरवाजा सापडला. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्यांना आपापलं चित्र लावता यावं म्हणून मायक्रोसॉफ्टने तो ठेवला होता. रजिस्ट्रीत 'ओईएम बॅकग्राउंड' या नोंदीची किंमत १ करायची आणि ठरलेल्या फोल्डरमध्ये ठरलेल्या नावाचं चित्र ठेवायचं. अट एकच: चित्र २५६ केबीपेक्षा लहान हवं. वर गेलं की विंडोज न बोलता आपलं निळं चित्र दाखवी. त्या काळात फोटो २५६ केबीत बसवणं ही एक कलाच झाली होती. आकाशाचे पट्टे पडत, चेहरे चौकोनी होत, पण लोक खूश असत.

मग २९ जुलै २०१५ ला विंडोज १० आलं, निळ्या अंधारात प्रकाश फेकणारी ती प्रसिद्ध खिडकी घेऊन. ती कॉम्प्युटरवर काढलेली वाटते, पण नाही. जीमंक या नावाने ओळखले जाणारे ब्रॅडली मंकोविट्झ आणि त्यांच्या चमूने सॅन फ्रान्सिस्कोत खरीखुरी खिडकी उभी करून, धूर सोडून, प्रोजेक्टर आणि लेझरचे झोत टाकून तिचे फोटो काढले. एवढी मेहनत घेतल्यावर ती सक्तीची करायचा मोह आवरला नसावा. लॉक स्क्रीनवर, म्हणजे नुसतं घड्याळ दिसतं त्या पडद्यावर, आपलं चित्र लावता यायचं, पण कळ दाबून पासवर्डाकडे गेलात की हीच खिडकी. ज्यांना ती नको होती त्यांनी चित्र ज्या बांधीव फायलीत होतं ती फाइलच बदलायच्या युक्त्या काढल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये खिडकी काढून सपाट रंग ठेवायची सोय आली आणि २ ऑगस्ट २०१६ च्या ॲनिव्हर्सरी अपडेटमध्ये लॉक स्क्रीनचंच चित्र पासवर्डामागेही ठेवता येऊ लागलं. आजही रीत तीच आहे: सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, त्यात लॉक स्क्रीन, तिथे चित्र निवडायचं आणि खाली ते साइन-इनच्या पडद्यावरही दाखवण्याचं बटण चालू करायचं. तिथे चित्र बदलूच देत नसेल तर विंडोजची प्रत सक्रिय केलेली आहे का ते आधी पाहावं.

हे इतकं सोपं कसं झालं? ग्रीटरला माजघरात न नेता. तुम्ही चित्र निवडलं की विंडोज त्याची प्रत एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतं, जिथे तुम्हालाही सहजी शिरता येत नाही. मी माझ्या लिनक्सवर हाताने केलं ते विंडोज गुपचूप करतं. मॅकवर फाइलव्हॉल्ट चालू असेल तर आपल्या फायलींवर कुलूप असतं आणि पासवर्ड टाकेपर्यंत त्या वाचता येत नाहीत, म्हणून तिथेही पडद्यावर दिसायचं ते आधीच बाहेर काढून ठेवावं लागतं.

२०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून विंडोज १० पासवर्डामागचं चित्र धूसर करू लागलं. पांढरी अक्षरं वाचता यावीत हा हेतू चांगला, पण आजोळच्या घराचा धूसर डाग बघायला कोण एवढा खटाटोप करतो? पर्सनलायझेशनमधल्या रंगांच्या पानावर पारदर्शकतेचे परिणाम बंद केले की धूसरपणा जातो.

चित्र निवडताना मात्र विंडोजवाल्यांच्या त्या काळजीत तथ्य आहे. पासवर्डाची चौकट बहुधा मधोमध येते, म्हणजे नातवाचा चेहरा मध्ये असेल तर त्याच्या नाकावर. महत्त्वाचं ते एका बाजूला आणि मधला भाग शांत, असं चित्र उत्तम. मोबाइलवर उभा काढलेला फोटो तर लावूच नये: आडव्या पडद्यावर पसरताना त्याचा निम्म्याहून जास्त भाग कापला जातो. आणि हा पडदा कुणालाही दिसतो, पासवर्ड नसणाऱ्यालाही. शाळेचा गणवेश घातलेली मुलं, घराची पाटी, गाडीचा नंबर असले फोटो तिथे नकोत. कार्यालयं याच पडद्याचा उलटा उपयोग करतात. लॉगिनआधी कायदेशीर इशारा दाखवायची सोय विंडोजमध्ये आहे, आणि एंटरप्राइझ किंवा एज्युकेशन आवृत्ती असेल तर सगळ्या मशीनवर एकच चित्र लादताही येतं.

मला स्वतःला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट चित्राची नाहीच, अक्षरांची आहे. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात मी बारीक लिहून ठेवलं आहे: सापडल्यास कृपया या नंबरवर कळवावे. नंबर माझा नाही, बहिणीचा आहे, कारण लॅपटॉप हरवेल तेव्हा त्याच पिशवीतला माझा फोनही हरवलेला असेल. मॅकमध्ये असा निरोप लिहायला सेटिंगमध्येच जागा आहे, तिथे चित्रावर लिहीत बसावं लागत नाही. लोकलच्या रॅकवर विसरलेल्या लॅपटॉपला पासवर्ड असतो. उघडणाऱ्या सज्जनाला मालक शोधायचा तर त्याच्यासमोर हा एकच पडदा असतो.

एक गोष्ट अजून राहिली आहे. मी डिस्कही एन्क्रिप्ट केली आहे, त्यामुळे ग्रीटरच्या आधी आणखी एक पडदा येतो, डिस्कचा पासवर्ड मागणारा. तिथे ना 'शेअर' फोल्डर असतं ना 'लाइटडीएम'. डिस्क उघडण्याआधी दाखवायचं चित्र सुरुवातीला मेमरीत चढणाऱ्या छोट्या बांधणीतच कोंबावं लागतं आणि चित्र बदललं की ती बांधणी नव्याने करावी लागते. त्या पडद्यावर सध्या काळ्यावर पांढरी एक ओळ आहे. खळ्याचं फाटक समजून मी ती तशीच राहू दिली आहे.